वयात आलेला कुत्रा (६ ते १८ महिने): ऐकेनासा झाला की नेमकं काय करायचं

रानवाट
पिल्लू असताना हाकेला धावत येणारा कुत्रा सात-आठ महिन्यांचा झाला की ठार बहिरा झाल्यासारखा वागतो. कुत्र्यांच्या गप्पांच्या धाग्यावर हा प्रश्न दर आठवड्याला येतो आणि 'आमचा पण अस्साच होता' या प्रतिसादांत वाहून जातो. म्हणून वेगळा धागा. इथे किस्से नकोत, फक्त कृती लिहूया.

आधी हे होतं का, ते. लहान चणीच्या जातींत साधारण सहाव्या महिन्यापासून, लॅब (लॅब्रॅडॉर), गोल्डन (रिट्रीव्हर), जर्मन शेफर्डमध्ये थोडं उशिरा सुरू होतं आणि मोठ्या जातींत दीड-दोन वर्षांपर्यंत चालतं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांचा यावर २०२० साली अभ्यास प्रसिद्ध झाला. अंधांना सोबत करण्यासाठी वाढवल्या जाणाऱ्या लॅब, गोल्डन आणि त्यांच्या संकरित पिल्लांना पाचव्या आणि आठव्या महिन्यात 'बस' सांगून पाहिलं. आठव्या महिन्यात ती सांभाळणाऱ्या माणसाचं कमी ऐकत होती, परक्या माणसाचं मात्र ऐकत होती. म्हणजे शब्द विसरलेला नसतो. त्यामुळे आवाज चढवून 'आठवण करून देणं' हा उपायच नाही.

पहिलं काम: शब्द उधळणं थांबवा. 'ये, ये, अरे ये ना, ये म्हणतोय ना' यात कुत्रा एवढंच शिकतो की 'ये' या आवाजाला काही अर्थ नाही. पुढचे दोन आठवडे, तो शंभर टक्के येईल याची खात्री नसेल तिथे हाक मारायचीच नाही. चालत जाऊन धरायचं, नाहीतर आधीच लांब दोरी लावून ठेवायची. दोरीबद्दल सविस्तर लिहिते, आधी प्रश्न येऊ देत.

ठाणेकरीण
माझाच पहिला. नऊ महिन्यांचा नर लॅब. घरात सगळं ऐकतो. सोसायटीच्या मागच्या मैदानात सोडला की हात लावू देत नाही. पाच फुटांवर येतो, खाऊ बघतो, पळतो. आम्ही सगळे मिळून घेरतो तेव्हा सापडतो.

रानवाट
ठाणेकरीण, घेरणं आजच बंद. त्याच्या दृष्टीने तो दिवसातला सर्वांत मजेचा खेळ आहे. पाच फुटांवर थांबतो कारण त्याचा हिशोब चोख आहे: माणसाजवळ गेलं की कॉलरला हात पडतो, हात पडला की मजा संपते. खाऊ आधी दाखवला की तो सौदा तोलून बघतो आणि तुम्ही हरता.

दोरी: १० मीटर, ८ ते १० मिलिमीटर जाड. नायलॉनची हलकी असते पण हात भाजून काढते, म्हणून हातमोजे. सुती दोरी हाताला बरी, पावसाळ्यात भिजून जड होते. टोकाला हातात धरायचा फास असेल तर कापून टाका, तो झुडपात अडकतो. त्याऐवजी दर दोन मीटरवर एक गाठ मारा, दोरीवर पाय दिला की गाठ बुटाखाली अडते. दोरी हाताला गुंडाळायची नाही, बोटं मोडतात. आणि ती कॉलरला कधीच नाही, हार्नेसच्या (छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांच्या) पाठीवरच्या कडीलाच. तीस किलोचा लॅब दहा मीटर धावून झटक्यात थांबला तर तो झटका मानेवर येता कामा नये. हार्नेस छातीवर इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा घ्या. खांद्यांवरून आडवा पट्टा जाणारा वाढत्या वयात पावलं आखडवतो. बटण दाबून आत ओढली जाणारी दोरी या कामाला अजिबात चालत नाही, ती कायम ताणलेली असते आणि कुत्रा ओढायलाच शिकतो.

शब्द: जुना 'ये' बाद. नवीन शब्द घ्या जो घरात कोणी बोलत नाही. शिट्टी उत्तम, कारण तिच्यात वैताग ऐकू येत नाही.

पहिले तीन दिवस घरातच. शिट्टी, आणि एका सेकंदात पायाजवळ खाऊ. एक तुकडा नाही, एकामागून एक पाच-सहा. त्याने काहीच करायचं नाही, फक्त खायचं. सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा. मग दुसऱ्या खोलीतून. मग जिन्यात. मग मैदानात दोरीवर, आसपास कुत्रं नसताना. दहापैकी नऊ वेळा मान झटकन वळून आला तरच पुढची पायरी. सातच वेळा आला तर एक पायरी खाली या, त्यात कमीपणा नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: आल्यावर एका हाताने कॉलर धरा, दुसऱ्या हाताने खाऊ द्या, आणि सोडून द्या. 'जा खेळ.' दहा हाकांपैकी नऊ वेळा परत सोडायचा, एकदाच घरी न्यायचा. आधी कॉलर, मग खाऊ, हाच क्रम. उलट केलात तर तुकडा उचलून पसार होईल.

पेन्सिल
खाऊ कुठला? आमच्याकडे मांसाहार नाही.

रानवाट
हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे, त्याहून मोठे नाहीत. बाहेरच्या कामाला बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा कलेजी सर्वांत चालते. शाकाहारी घरात पनीर, पण सुरुवातीला थोडं देऊन पोट बघा, काहींना जुलाब होतात. घरातल्या सोप्या कामाला त्याचेच रोजचे दाणे पुरतात. ग्लुकोज बिस्किटं नकोत, नुसती साखर आणि मैदा. सुकट, बोंबील वासाला जबरदस्त, पण खारवलेले असतात, बिनमिठाचे मिळाले तरच. द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट पूर्ण बंद. साखरविरहित पीनट बटरमध्ये झायलिटॉल असू शकतं, ते कुत्र्याला विष आहे, बरणीवर वाचून घ्या. दिवसभराच्या उष्मांकांपैकी दहा टक्क्यांच्या वर खाऊ नको, आणि तेवढं जेवणातून कमी करा. लॅब तर पोट भरलं असं कधी सांगणारच नाही.

खडूस काका
एवढं सगळं करण्यापेक्षा चोक चेन घाला, ओढली की मानेला आवळणारी साखळी. दोन झटके बसले की सरळ होतो. आमच्या पिढीत कुत्र्यांना शिट्ट्या मारत कोणी बसत नव्हतं.

बांधावरचा
काका, तुमच्या पिढीत कुत्रं दिवसभर अंगणात आणि शेतात मोकळं असायचं, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत नसायचं. हा फरक मोठा आहे.

झटक्याचं गणित असं बिघडतं. समोरून दुसरा कुत्रा येतो, आपला ओढतो, मानेला झटका बसतो. आपल्याला वाटतं तो 'ओढू नये' असं शिकला. तो शिकतो 'समोर कुत्रा दिसला की मान दुखते'. पाच-सहा वेळा असं झालं की कुत्रा दिसताच भुंकायला, झेपावायला लागतो. या वयात भीती लवकर बसते म्हणून हे आणखी पटकन होतं. दुसरं, गुरगुरल्यावर मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, चावणं सोडत नाही. मग 'अचानक चावला' म्हणतात. अचानक नसतं ते, आधीची सूचना आपणच बंद करून टाकलेली असते.

खडूस काका
गुरगुरण्याचं पटलं. ओढण्यावर मग काय करायचं ते सांगा.

बांधावरचा
सांगतो. साधी १.८ मीटरची लीश (फिरवायला हातात धरतो ती आखूड दोरी), हार्नेसच्या छातीवरच्या कडीला. लीश ताणली की थांबायचं, मागे खेचायचं नाही, बोलायचं नाही. ढिली झाली की चालायचं. नुसतं एवढंच केलं तर कुत्रा 'ओढ, थांब, मागे वळ, पुन्हा ओढ' अशी साखळी शिकतो. म्हणून खाऊ थांबल्यावर नाही, चालताना द्यायचा: कुत्रा तुमच्या डाव्या पायाशी असताना, तुकडा पँटच्या शिवणीला टेकवून. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन पावलांना एक, मग पाचला, मग दहाला. हात पुढे करून दिलात तर कुत्रा पुढेच चालणार.

हे एका वेळी पाच ते सात मिनिटंच. उरलेला वेळ लांब दोरीवर वास घेऊ द्या. अख्खा तास शिस्तीत चालायला लावलं तर या वयात फुटतोच. वास घेत केलेली वीस मिनिटं नुसत्या भराभर चालण्यापेक्षा जास्त दमवतात. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतरच. तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवा, चटका बसला तर परत फिरा.

मुसळधार
फिरायला गेल्यावर परतीच्या वाटेवर आमची लीशच चावते, उड्या मारते, बाही धरते. सुरुवातीला छान असते. साडेदहा महिन्यांची इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री.

रानवाट
शेवटच्या दहा मिनिटांत होतं म्हणजे दमलेली किंवा अतिउत्तेजित आहे. लीश सोडवायला खेचलीत की रस्सीखेच सुरू, तेच तिला हवंय. स्थिर उभं राहा, मूठभर दाणे गवतात पसरा. डोकं खाली गेलं, नाक चालू झालं की श्वास उतरतो. मग शांतपणे घरी. दुसऱ्या दिवसापासून चक्कर दहा मिनिटांनी लहान. तोवर लीशचा पहिला फूटभर भाग साखळीचा असलेली वापरा, दाताला लोखंड आवडत नाही.

आणि झोप मोजा. या वयातल्या कुत्र्याला २४ तासांत १५-१६ तास झोप लागते. घरात माणसांची ये-जा, टीव्ही, बेल, मुलं, यात ती दहा-बारावर येते आणि संध्याकाळी सात वाजता कुत्रा सोफ्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून सोफ्यावर. 'याला अजून पळवायला हवं' म्हणून लोक संध्याकाळी चेंडू फेकतात, तो आणखी चढतो. दुपारी दोन तास अंधाऱ्या खोलीत, चघळायला काहीतरी देऊन, एकटा. बरेच 'हट्टी' कुत्रे एवढ्यानेच निम्मे सुधारतात.

सुईदोरा
वैद्यकीय बाजू लिहितो, कारण 'ऐकत नाही' म्हणून आणलेल्यांत बरेचदा दुखणं निघतं.

बसायला नकार, किंवा एका कुशीवर घसरून बसणं: नितंबाचा सांधा तपासा. आज पुढचा उजवा, दोन आठवड्यांनी मागचा डावा असं फिरतं लंगडणं: मोठ्या जातींत ५ ते १८ महिन्यांत हाडांचा एक वेदनादायी दाह होतो, जर्मन शेफर्डमध्ये जास्त. तो बरा होतो, पण तोवर उड्या आणि जिने बंद. मान हलवत राहणं, कानाला वास: पावसाळ्यात कानात बुरशी, आणि कानाजवळ हात नेला की गुरगुर. सुस्ती, जेवण नको, हिरड्या पांढुरक्या, लघवी गडद: गोचीड ताप. यात 'आज मूड नाही' म्हणत दोन दिवस काढू नका, त्याच दिवशी रक्त तपासा. माणसांची वेदनाशामकं (आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल) घरच्या घरी देऊ नका.

मादी असेल तर पहिली पाळी सहाव्या ते बाराव्या महिन्यात, मोठ्या जातींत उशिराही. साधारण तीन आठवडे चालते. त्या काळात लांब दोरीवरचं कामही बंद, फक्त लीश. पाळीनंतर दीड-दोन महिन्यांनी काही माद्या खेळणी गोळा करून राखत बसतात, ती खोटी गर्भावस्था असते, हट्ट नव्हे.

ठाणेकरीण
नसबंदी केली की शांत होईल का? सगळे तेच सांगतात.

सुईदोरा
भटकणं, चढणं, जागोजागी लघवीने खूण करणं यात बऱ्याच नरांत फरक पडतो. हाकेला येणं, उड्या मारणं, ओढणं यात पडत नाही, ते शिकवावंच लागतं. आणि घाबरून भुंकणाऱ्या कुत्र्यात नसबंदीने भीती जात नाही, काहींत वाढलेलीही दिसते. गोल्डनमध्ये वर्षाच्या आत केलेल्या नसबंदीने सांध्यांचे विकार वाढतात हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेच्या २०१३ च्या अभ्यासात दिसलं. लॅबमध्येही धोका आहे, गोल्डनपेक्षा कमी. तुमच्या लॅबसाठी वेळ कधी, ते वजन आणि वाढ बघून तुमच्या डॉक्टरांशी ठरवा.

चहाबाज
चप्पल पळवून सोफ्याखाली घेऊन बसतो आणि हात घातला की दात दाखवतो. घरात चार वर्षांचं मूल आहे.

बांधावरचा
मूल आहे म्हणून आधी बंदोबस्त: चपला बंद कपाटात, आणि कुत्रा काही चघळत असताना मूल त्या खोलीत नाही. मध्ये लाकडी फाटक लावा. यात तडजोड नको.

मग सराव, फक्त मोठ्यांनी. कुत्रा कमी किमतीची वस्तू, म्हणजे जुनं खेळणं, घेऊन बसलेला. तीन मीटरवरून जाता जाता चिकनचा तुकडा त्याच्याकडे टाका आणि थांबू नका, निघून जा. दिवसात सात-आठ वेळा. माणूस जवळ आला की मिळतं, जात नाही, हे पक्कं झालं की कुत्रा मान वर करून वाट बघायला लागतो. त्यानंतर दोन मीटर, मग एक. कान मागे, अंग ताठ, खाणं एकदम भराभर, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, यापैकी काहीही दिसलं की तुम्ही फार जवळ गेलात.

'सोड' वेगळं शिकवा. नाकाशी तुकडा, तोंडातलं पडलं की 'सोड' म्हणा, तुकडा द्या, आणि वस्तू परत द्या. चप्पल परत देता येत नाही हे खरं, म्हणून सराव चपलेवर नाही. आणि खरंच चप्पल पळवलीच तर पाठलाग नको. फ्रिज उघडा, बहुतेक स्वतःच येतो. दात लागला असेल, रक्त आलं असेल, तर धागा वाचत बसू नका, प्रत्यक्ष येऊन बघणारा प्रशिक्षक बोलवा. त्याने आधी मानेला आवळणारा पट्टा किंवा विजेच्या झटक्याचं यंत्र काढलं तर दुसरा शोधा.

मुसळधार
आधी न घाबरणारी कुत्री आता कचऱ्याच्या डब्याला, हेल्मेट घातलेल्या माणसाला घाबरते. हे पण वयाचंच?

रानवाट
हो, साधारण सहा ते चौदा महिन्यांत भीतीचा दुसरा टप्पा येतो. एखाद-दोन आठवडे, कधी जास्त. 'बघ, काही नाहीये' म्हणत डब्याजवळ ओढत नेणं ही सर्वांत वाईट गोष्ट. जिथून ती बघते पण अजून खाऊ खाते, ते अंतर शोधा. तिथे उभं राहून, तिने बघितलं की तुकडा. तिला वाटलं तर ती जवळ जाईल. खाऊच घेत नसेल तर अंतर कमी आहे, मागे या.

पुण्यातल्यांनी एक लक्षात ठेवा: नदीपात्राच्या बाजूला ढोलपथकांचा सराव गणपतीच्या महिना-दीड महिना आधी सुरू होतो. त्या दिवसांत संध्याकाळची चक्कर तिकडे नेऊ नका. एका संध्याकाळी जवळून ढोल ऐकलेला कुत्रा नंतर वर्षभर कुकरच्या शिट्टीलाही दचकू शकतो.

माळरान
लातूर-सोलापूरकडच्या कारवानींबद्दल कोणी लिहीना म्हणून लिहितो. ही नजरेवर पळणारी जात. लॅबचं वेळापत्रक याला लावू नका. वर्षाच्या आसपास पाठलागाची वृत्ती जागी होते आणि ससा किंवा मांजर दिसलं की शिट्टी, चिकन, काही ऐकू येत नाही. दोरी दहा नाही, पाच मीटर. दोन उड्यांत असा वेग घेतो की दहा मीटरच्या शेवटी हार्नेस असला तरी अंग उलटतं. मोकळं सोडायचं ते चारी बाजूंनी सहा फूट भिंत असलेल्या जागीच. हाक मारायची ती त्याने सावज बघण्याच्या आधी, कान उभे झाले, मान ताणली, त्या क्षणाला. नंतर उपयोग नाही. पाठलागाची हौस भागवायला काठीला दोरी, दोरीला चिंधी, तीन-चार मिनिटं फिरवायची आणि शेवटी धरू द्यायची. आणि माळावर सशामागे सोडण्याची ज्यांना हौस आहे त्यांनी लक्षात घ्या, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार आहे.

पेन्सिल
माळरान, मस्त माहिती. आमचं साधं दुखणं: आम्ही जेवायला बसलो की भुंकतो. दुर्लक्ष करा म्हणतात. केलं, तर जास्तच भुंकायला लागला.

बांधावरचा
वाढणारच. जे आजवर चालत होतं ते चालेना की कुत्रा आधी जोर वाढवतो, मग सोडतो. तो जोर साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिगेला असतो, आणि नेमकं तेव्हा कोणीतरी वैतागून पोळीचा तुकडा टाकतं. झालं, आता तो शिकला की एवढं मोठ्याने भुंकावं लागतं. आठवड्यातून एकदाच मिळणारी पोळी रोज मिळणाऱ्या पोळीपेक्षा सवय घट्ट करते. तेव्हा घरातल्या आजींना आधी पटवा, कुत्र्याचं नंतर बघू.

शिवाय नुसतं दुर्लक्ष अर्धवट आहे, त्याला दुसरं काम द्या. गोणपाटाची घडी किंवा जुनी सतरंजी, ताटांपासून दोन मीटरवर. जेवणाच्या वेळा सोडून सराव: पाय टेकला की तुकडा सतरंजीवर, हातात नाही. चारही पाय आले की तुकडा. बसला की तुकडा. आडवा झाला की तीन-चार, सावकाश. मग दोन तुकड्यांमधला वेळ ३ सेकंद, ५, ४, १०, ६, १५ असा वरखाली. सरळ चढता ठेवलात तर तो उठून जायची वेळ ओळखतो. सलग दोन मिनिटं जमलं की रिकामं ताट घेऊन बसा, मग खरं जेवण. जेवताना चघळायला भरलेलं रबरी खेळणं तिथेच द्या.

ठाणेकरीण
शेवटचं. लांब दोरी कधी काढायची?

रानवाट
एकदम काढायची नाही. दुसरी कुत्री दिसत असताना, खाऊची पिशवी अंगावर नसताना (तुकडे आधीच कुठेतरी ठेवून), सलग दोन आठवडे पहिल्या शिट्टीला आला, की दहा मीटरची दोरी हातातून सोडून जमिनीवर घसटू द्या. ते आठवडाभर जमलं की कापून पाच मीटर. मग दोन. शेवटी कडीला वीतभर तुकडा लटकत राहू द्या, त्याला दोरीच आहे असं वाटतं आणि तुम्हाला धरायला काहीतरी राहतं. मध्येच एकदा नाही आला तर पुन्हा आधीच्या लांबीवर. खाऊ मात्र बंद करू नका. रोज दहा वेळा बोलावलंत तर चार-पाच वेळा तरी मिळालाच पाहिजे, आणि उरलेल्या वेळी 'जा खेळ'. आणि रस्त्याला लागून असलेल्या उघड्या मैदानात, कितीही शहाणा झाला तरी, दोरीच.